रविवारच्या लाइफ ड्रॉइंग गटात यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात डेक्कनच्या बाजूला एका जुन्या बंगल्याचा दिवाणखाना आम्हाला दर रविवारी सकाळी मिळतो. तिथं आम्ही पंधरा-वीस जण जिवंत माणूस समोर बसवून चित्रं काढतो. या उपक्रमाला नऊ वर्षं झाली. यायची इच्छा असलेले लोक फोनवर जे विचारतात, आणि मनात असूनही जे विचारत नाहीत, त्या दोन्हींची उत्तरं इथं आहेत. मॉडेलशी बोलणं, कागद आणणं, चहाचं बघणं ही कामं माझ्याकडे असतात. त्यामुळे यातली काही उत्तरं गटाची आहेत आणि काही माझी.

लाइफ ड्रॉइंग म्हणजे न्यूडच ना?

नाही. समोर जिवंत माणूस आहे आणि तुम्ही त्याच्याकडे बघून काढताय, एवढाच त्याचा अर्थ. महिन्यातले तीन रविवार मॉडेल कपड्यात असतं. एक रविवार न्यूडचा असतो आणि तो कोणता हे आदल्या महिन्यातच कळवतो. त्या दिवशी यायचं नसेल तर येऊ नका, का आला नाहीत असं कुणी विचारत नाही. न्यूडच्या दिवशी अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांनाच प्रवेश असतो.

न्यूड काढायचंच कशाला, असंही विचारतात. कापड वजन लपवतं म्हणून. उभ्या माणसाचा भार एका पायावर गेला की त्या बाजूचं कमरेचं हाड वर चढतं, त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो आणि या दोन तिरप्यांच्या मधे पाठीचा कणा वळण घेतो. पँट-शर्टातल्या माणसात हे अंदाजानं ओळखावं लागतं, न्यूडमध्ये ते डोळ्यांना दिसतं. जो सहा महिने हे बघतो त्याचं कपड्यातल्या माणसाचं चित्रही बदलतं. सदऱ्याच्या आत कुणीतरी आहे असं त्यात जाणवू लागतं.

हे कायद्यात बसतं का?

बसतं. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. ग्लॅडस्टन सॉलोमन तिथं प्रमुख म्हणून आले आणि १९१९ पासून न्यूड मॉडेलवरून अभ्यास सुरू झाला. म्हणजे मुंबईत या गोष्टीला शंभर वर्षं उलटून गेली. १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीत लावलेल्या चित्रांवरून चित्रकार अकबर पदमसी यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला होता, त्यातून ते निर्दोष सुटले. अगदी अलीकडे कस्टम्स खात्यानं पदमसी आणि मूळचे गोव्याच्या साळगावचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या मिळून सात कलाकृती अश्लील ठरवून अडकवून ठेवल्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला.

हे सगळं मी सांगते कारण लोक घाबरलेले असतात. पण आमची खोली सुरक्षित राहते ती न्यायालयामुळे नाही, रोजच्या साध्या शिस्तीमुळे. दार आतून बंद असतं, येणारा प्रत्येक जण आधी भेटून गेलेला असतो, मॉडेल सज्ञान असतं आणि काय ठरलंय हे त्यानं स्वतः वाचून सही केलेली असते. वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवते.

घरच्यांना काय सांगू?

खरं ते सांगा. बायकोला, नवऱ्याला, आईला एकदा घेऊन या. कपड्यातल्या मॉडेलच्या रविवारी मागच्या बाकावर कुणीही येऊन बसू शकतं. एका सदस्याच्या सासूबाई अशाच बघायला आल्या होत्या, हातात विणकाम घेऊन. तीन तास तिथंच बसल्या आणि निघताना मॉडेलच्या हातावर तिळगूळ ठेवून गेल्या, संक्रांतीचे दिवस होते. त्यानंतर त्यांच्या घरी हा प्रश्न राहिला नाही.

मला चित्र काढता येत नाही. येऊ का?

या. आमच्यात एक दंतवैद्य आहेत, बँकेतून निवृत्त झालेले दोघे आहेत, अॅनिमेशनमध्ये काम करणाऱ्या मुली आहेत, एक गवंडीकाम करणारे दादा आहेत. त्यांची रेघ आम्हा सगळ्यांपेक्षा ठाम आहे. कला महाविद्यालयात शिकलेले चार-पाचच असतील.

फोटोवरून काढलं तर काय बिघडतं?

कॅमेऱ्याला एकच डोळा असतो. आपण दोन डोळ्यांनी बघतो, त्यामुळे पुढं आलेला गुडघा आणि मागं गेलेली कंबर यांतलं अंतर आपल्याला कळतं. फोटोत ते आधीच चपटं झालेलं असतं. फोन जवळ धरून काढलेल्या फोटोत तर पुढचा हात पंख्याएवढा होतो आणि तुम्ही इमानदारीत तो तसाच उतरवता.

दुसरं म्हणजे माणूस हलतो. वीस मिनिटांच्या पोझमध्ये मॉडेल हळूहळू खचतं. खांदे अर्धा इंच उतरतात, मान कलते, पोट सैल पडतं. सुरुवातीला सगळे तक्रार करतात की ‘काढलेलं जुळत नाही’. नंतर लक्षात येतं की हे खचणंच काढायचं आहे. थकत चाललेल्या माणसाचं चित्र आणि दगडी पुतळ्याचं चित्र यांत फरक पडतो तो इथं.

मॉडेल म्हणून कोण येतं?

या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात जास्त आवडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मंडईत आयुष्यभर भाजी विकलेल्या एक मावशी येतात. नऊवारी नेसतात. नऊवारी काढायला मिळणं हे भाग्य आहे, कारण काष्ट्यामुळे दोन पाय स्वतंत्र दिसतात, पोटऱ्या उघड्या असतात, आणि कमरेपासून मागं खोचलेल्या निऱ्यांवरून शरीर कुठं वळलंय ते नेमकं कळतं. पाचवारीत हे सगळं एका पडद्याआड जातं. मावशी दोन पोझच्या मधे उठून सगळ्यांची चित्रं बघतात. एकदा माझ्या कागदासमोर थांबून म्हणाल्या, ‘हात माझाच हाय. मान माझी न्हाई.’ मान खरंच चुकली होती.

तालमीत जाणारा, मल्लखांब करणारा एक तरुण येतो. पेशवाईतल्या बाळंभटदादा देवधरांची परंपरा सांगतो आणि अभिमानानं सांगतो. त्याचे एक-एक मिनिटाचे पवित्रे काढताना खोलीत फक्त कागदाचा आवाज असतो. इतर कुणाला दहा सेकंदही पेलणार नाही असा तोल तो मिनिटभर धरून ठेवतो. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका येतात. त्यांचा डावा खांदा वर्षानुवर्षं पिशवी अडकवून उजव्यापेक्षा खाली आलाय. ते स्वतःच पहिल्या दिवशी म्हणाले, ‘हे सरळ करून काढू नका.’ भरतनाट्यम करणारी एक मुलगी येते, आठव्या महिन्यापर्यंत एक गरोदर ताई येत होत्या, आणि न्यूडसाठी येणाऱ्या दोघी-तिघी कला महाविद्यालयांत अनेक वर्षं काम केलेल्या आहेत. कामाचा अनुभव खोलीत सगळ्यात जास्त त्यांचा असतो. पोझ किती वेळ टिकेल, उजेड कुठून घ्यावा, हे मी त्यांना विचारते.

मॉडेल ही आम्ही भाड्यानं आणलेली वस्तू नाही. ते या गटाचे सदस्य आहेत. फक्त त्यांची जागा चौरंगावर आहे आणि आमची भोवताली. सहलीला, दिवाळीच्या फराळाला, वर्षातून एकदा भरणाऱ्या आमच्या छोट्या प्रदर्शनाला ते सगळ्यांबरोबर असतात. चित्रकलेच्या इतिहासात चित्रकाराचं नाव राहतं आणि समोर तासन्‌तास उभं राहिलेलं माणूस बहुतेक वेळा पुसलं जातं. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हातात दिवा घेतलेल्या बाईचं सावळाराम हळदणकरांचं जलरंगातलं चित्र खूप जणांनी पाहिलं असेल. पुष्कळ जण ते रविवर्म्याचं समजतात. त्यासाठी दिवा हातात धरून उभी राहिली होती ती हळदणकरांची मुलगी, गीता. तिचं नाव टिकलं. तशी नावं टिकायला हवीत, म्हणून मॉडेलची हरकत नसेल तर प्रदर्शनात प्रत्येक चित्राखाली त्यांचंही नाव आम्ही लिहितो.

वर्गणी किती आणि ती जाते कुठं?

रक्कम भेटीत सांगते, कारण विद्यार्थ्यांना आणि बेताची परिस्थिती असलेल्यांना कमी असते. जमलेल्या पैशातला मोठा वाटा मॉडेलचा. त्यांचं मानधन आधी ठरतं आणि त्या दिवशी पंधरा जण येवोत की चार, तेवढंच दिलं जातं. पावसामुळे कुणीच आलं नाही तरी मॉडेल आलं असेल तर पैसे मिळतात. ते पाकिटात घालून, चहाच्या वेळी, सगळं आवरायच्या आधी देतो. निघताना कुणाला पैशासाठी थांबायला लागू नये.

खोलीचे नियम काय?

मॉडेलला कुणी हात लावत नाही. हात थोडा वर घ्या, मान वळवा, हे सुद्धा त्या दिवशी खोलीचं बघणाऱ्या एकाच व्यक्तीनं तोंडी सांगायचं. शरीरावर शेरा नाही. कौतुकाचाही नाही, ‘काय फिगर आहे’ हे तर नाहीच. पोझ चालू असताना आत-बाहेर करायचं नाही, उशीर झाला तर पोझ संपेपर्यंत ओसरीवर थांबायचं. गाऊन घालणं-काढणं पडद्यामागं, आणि विश्रांतीत मॉडेल गाऊनमध्येच असतं. कुणाला अस्वस्थ वाटलं तर पोझ तिथंच थांबते, त्याचं कारण सांगावं लागत नाही.

फोनसाठी दाराशी वेताची टोपली आहे. ती का आली तेही सांगते. पाच वर्षांपूर्वी एका सदस्यानं मांडीवर ठेवलेल्या फोननं पोझ चालू असताना फोटो काढला. त्याच्या मते तो नुसता संदर्भासाठी होता. मॉडेल ताईंनी ते पाहिलं, पोझ पूर्ण केली, काही बोलल्या नाहीत आणि पुढचे दोन रविवार आल्या नाहीत. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘माझी लेक कॉलेजात आहे. तो फोटो कुठं जाईल?’ फोटो आम्ही त्याच दिवशी पुसायला लावला होता आणि त्या माणसाला पुन्हा बोलावलं नाही, पण ताईंना हे सांगायला मी पंधरा दिवस लावले होते. ती चूक माझी होती. आता काही घडलं तर मॉडेलशी त्याच दिवशी, समोर बसून बोलते. टोपलीबद्दल वाद घालू नका.

काय काय आणू?

पहिल्या दिवशी काहीच आणू नका, आम्ही देतो. पुढं न्यूजप्रिंटचे मोठे ताव (अप्पा बळवंत चौकात मिळतील), दोन बोर्ड क्लिपा, वेलीचा किंवा विलोचा मऊ चारकोल (काटक्या जाळून केलेला चित्रांचा कोळसा), दाबून बनवलेल्या गडद चारकोलची एक कांडी आणि मळता येणारं पुट्टी रबर. पांढरं खोडरबर घरी ठेवा. ते हातात असलं की माणूस काढायचं सोडून खोडत बसतो. सुरुवातीला महाग कागद नको, त्याच्यावर हात घाबरतो. बोर्ड आणि डाँकी (दोन बाजूंना पाय टाकून बसायचं, पुढं बोर्ड टेकवायचं बाक) खोलीत आहेत. पाठ किंवा गुडघे दुखत असतील तर खुर्चीही आहे.

पावसाळ्यात कागद दमट होतो आणि चारकोल ओढल्यासारखा चालतो. त्या चार महिन्यांत शाई, बॉलपेन किंवा क्रेयॉन वापरून बघा. कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणा.

सकाळ कशी जाते?

आठला सुरुवात. आधी एक-एक मिनिटाच्या दहा पोझ, मग दोन मिनिटांच्या सहा, मग पाच मिनिटांच्या चार. साडेनऊच्या सुमारास चहा. त्यानंतर एकच लांब पोझ, वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत, मधे विश्रांती. पावलांची, हातांची जागा मास्किंग टेपनं किंवा खडूनं खूण करून ठेवतो, म्हणजे मॉडेलला परत तिथंच येता येतं. अकराला शेवट.

एक मिनिटाच्या पोझ बघून नवीन माणूस गोंधळतो. एका मिनिटात काय काढणार? नाक-डोळे नाहीच. डोक्यापासून भार घेतलेल्या टाचेपर्यंत एक वळण, खांद्यांची तिरपी रेघ, कमरेची तिरपी रेघ. बस. दहातले आठ कागद फेकायचेच असतात. राहिलेल्या दोनांमध्ये कधी कधी असं काही सापडतं की साठ मिनिटांच्या चित्रात सापडत नाही.

प्रमाण नेहमी चुकतं. काय करू?

हात पूर्ण लांब करून, कोपर न वाकवता पेन्सिल धरा, एक डोळा मिटा, आणि मॉडेलचं डोकं पेन्सिलीवर मोजा. उभा प्रौढ माणूस साधारण सात ते साडेसात डोकी भरतो. शरीराचा मध्य बेंबीशी नसतो, बराच खाली, जांघेच्या आसपास असतो. जवळजवळ प्रत्येक नवशिका पाय आखूड काढतो तो यामुळेच. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत चेहरा झाकतो. स्वतःच्या चेहऱ्यावर ठेवून बघा, मग तुम्ही हात किती लहान काढता ते कळेल.

माणूस पडतोय असं वाटत असेल तर गळ्याच्या खाचेतून एक सरळ ओळंबा सोडा. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसात तो त्या पायाच्या टाचेजवळ येतो. आमच्या गवंडी दादांना हे कुणी शिकवावं लागलं नाही.

जमिनीवर बसलेली माणसं मला अजिबात जमत नाहीत.

कुणालाच लवकर जमत नाहीत, आणि त्याला कारण आहे. बहुतेक शरीररचनेची पुस्तकं खुर्चीत बसणाऱ्या माणसांच्या देशांत झाली. त्यांत उभा, पहुडलेला, स्टुलावर बसलेला माणूस भरपूर सापडतो. मांडी घातलेला क्वचित, उकिडवा बसलेला जवळजवळ नाहीच. आपल्याकडे मात्र माणूस भाजी निवडायला, धुणं धुवायला, पंगतीला, एसटीची वाट बघत फलाटावर, सगळीकडे खालीच बसतो. म्हणून महिन्यातला एक रविवार आम्ही चौरंग बाजूला सारतो आणि मॉडेल सतरंजीवर बसतं.

उकिडवं बसलेल्या माणसाची पोटरी आणि मांडी एकमेकांवर घडी होतात, छाती गुडघ्यांना टेकते आणि पाठ एका मोठ्या कमानीत गोल होते. अवयव मोजत बसलात तर हरवाल. आधी सगळा आकार एका गाठोड्यासारखा काढा. मग मधल्या फटी बघा: कोपर आणि गुडघा यांच्यामधली तिकोनी पोकळी, हनुवटीखालचा अंधार. पोकळी बरोबर आली की अवयव आपोआप जागेवर येतात. मांडी घातलेल्या माणसाचा तुमच्याकडे आलेला गुडघा हा वेगळा धडा आहे. मांडी लांब आहे हे तुमच्या मेंदूला ठाऊक असतं, पण डोळ्याला ती दोन बोटंच दिसते. तेव्हा डोळ्याचं ऐका.

तुम्ही शिकवता का?

वर्ग नाही. चहाच्या वेळी कागद जमिनीवर मांडतो आणि ज्याला हवं तो विचारतो. न विचारता कुणी कुणाच्या कागदावर रेघ मारत नाही.

मुलाला एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीसाठी पाठवू?

त्यासाठी शाळेतले कलाशिक्षकच बरे. वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती यांत आमचा उपयोग नाही. पण स्मरणचित्रात सगळी माणसं एकाच साच्यातून काढल्यासारखी उभी राहत असतील, तर कपड्यातल्या मॉडेलच्या रविवारी पालकांबरोबर पाठवा. पाणी भरणारी बाई हंडा कमरेवर घेते तेव्हा दुसरीकडे किती कलते हे एकदा बघितलं की विसरत नाही.

चित्रं इन्स्टाग्रामवर टाकू का? विकू का?

कपड्यातली टाका. न्यूड टाकायच्या आधी त्या मॉडेलला चित्र दाखवून विचारा. चेहरा ओळखू येत असेल तर त्यांचा शब्द शेवटचा. विकलं गेलं तर काही भाग मॉडेलला द्यावा असा आमच्यात रिवाज आहे. सक्ती नाही, पण आजवर कुणी चुकवलेला नाही.

मधे वर्षभर खंड पडला. परत आलं तर चालेल?

तुमचा बोर्ड माळ्यावर आहे. नाव लिहिलेलं आहे.

प्रत्येक सदस्याला एकदा मॉडेल म्हणून बसावं लागतं, हे खरं का?

खरं आहे. कपड्यात, वीस मिनिटं, वर्षातून एकदा. आजारपण किंवा दुसरी काही अडचण असेल तर सोडून देतो, पण बाकी सगळे बसतात.

माझ्यावर पहिल्यांदा बसायची वेळ आली तेव्हा मी हनुवटीखाली हात घेऊन बसले, सोपं म्हणून. सातव्या मिनिटाला कोपर जळायला लागलं. नाकाला खाज आली. अठरा माणसं माझ्याकडे बघत होती, आणि त्यांतलं कुणीही माझ्याशी बोलत नव्हतं. चारकोलचा खरखराट समोरून ऐकायला वेगळाच येतो. पंख्याचा वारा पाठीवर येत होता, आणि मला आठवलं की जानेवारीत न्यूडच्या दिवशी हीटर एकाच बाजूला ठेवलेला असतो. पुढच्या रविवारी दुसरा हीटर आणला.

तुमची बसायची वेळ आली की हात वर करून बसू नका, मुंग्या येतात. समोरच्या खिडकीचा एखादा गज निवडा आणि नजर तिथं ठेवा. पाठीला तक्क्या हवा असेल तर आधी सांगा. मंडईतल्या मावशी त्या दिवशी मुद्दाम येतात, डाँकीवर बसतात, आणि त्यांनाही एक कागद द्यावा लागतो.